तिच्याकडे, तिला

न्यू साउथ वेल्स
१४ फेब्रुवारी १९५४

प्रिय निवेस,

ओलिन्दो गेला तेव्हा तुझं केवढं पत्र आलं होतं, आणि मी त्याला चार ओळींचंही उत्तर दिलं नाही. नवऱ्याला पुरून आले आणि नंतर लिहायचं म्हटलं की हातच उचलेना. रागावली असलीस तर रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

मी आता वॉलाँगाँगमध्ये नसते. डोंगरावर एक मोठं घर आहे, तिथे आले आहे. हवा चांगली आहे. सगळ्या बायकाच आहोत. खिडक्या दिवसरात्र उघड्या, दूध आणि अंडी हवी तेवढी, आणि काम जवळजवळ नाहीच. आपल्या गावात बाळंतिणीलाही एवढी विश्रांती मिळत नाही.

तुझ्याकडे एक काम आहे. गावाकडून येणारं प्रत्येक पत्र सांगतं की निवेस त्रिएस्तेत इंग्रज शिपायांच्या कँटीनमध्ये आहे आणि फाडफाड इंग्रजी बोलते. मला शिकव. शब्द मला येतात गं. ब्रेड, मिल्क, बेड, टुमॉरो, सगळं येतं. माझं अडतं ते मधल्या चिमुकल्या शब्दांपाशी. इन, ऑन, ॲट, टू, फ्रॉम, विथ, बाय. कुठला कुठे घालायचा, काही कळत नाही. परवा मी एका बाईला म्हटलं, "आय थिंक टू माय डॉटर." आपल्याकडे नाही का म्हणत, अगदी तस्संच. ती म्हणाली, "काय करतेस मुलीला?" आणि शेजारच्या कॉटवरची आयरिश म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला.

मला घाई आहे. एका माणसाशी बोलायचं आहे, आणि नीट बोलायचं आहे. आत्ता याहून जास्त विचारू नकोस.

तुझी
एर्सिलिया


त्रिएस्ते
३ एप्रिल १९५४

एर्सिलिया, लबाड बाई,

दीड वर्षानं पत्र, आणि त्यात "एका माणसाशी बोलायचं आहे"! कोण गं हा माणूस? ऑस्ट्रेलियन आहे ना? घोड्यावर बसतो का? अगं, तू तिशीचीही नाहीस. ओलिन्दो भला माणूस होता, त्याला राग येणार नाही. मी गावात कुणाला अवाक्षर सांगणार नाही. निदान तुझ्या सासूला तरी नाहीच.

आणि हॉटेलातली नोकरी मिळवलीस हे फारच छान. डोंगरावर, भरपूर दूध, काम नाही! मी इथे शिपायांचे शर्ट इस्त्री करकरून एका खांद्यानं वाकडी झाले आहे.

आता धडा. मला शिकवतो तो सार्जंट लेनर्ड. शर्ट न्यायला येतो आणि तासभर जात नाही. तो म्हणतो, तुम्हा इटालियन लोकांचं सगळं दुखणं एका 'दा'मध्ये आहे. खरंच आहे. आपण कुणाकडे गेलो तर 'दा', कुठून आलो तर 'दा', कुणी केलं तर 'दा', कधीपासून तर 'दा'. एकच भांडं, त्यातच पोलेन्ता, त्यातच सूप, त्यातच कपडे भिजवायचे. इंग्रजांकडे मात्र प्रत्येकाला वेगळं भांडं. कुठून आलीस तर फ्रॉम. कुणाकडे राहतेस तर विथ. कुणी केलं तर बाय.

आणि विचार करायचा तो 'टू' नाही, 'ऑफ'. आय थिंक ऑफ यू. त्या माणसाला हेच म्हण, पुरे होईल.

मोटारीत बसलीस तर इन, बसमध्ये बसलीस तर ऑन. का, म्हणून मी लेनर्डला विचारलं. तो म्हणाला, "ज्यात उभं राहून डोकं आपटत नाही, त्याला ऑन." मग जहाजाला? ऑन. मग चर्चला? तर म्हणतो, इन. हसून हसून माझी इस्त्री शर्टावरच राहिली. जळका शर्ट कॅप्टनचा होता.

दोरीनाबद्दल एक शब्द नाही लिहिलास. शाळेत जायला लागली का? तिला निवेसमावशी आठवते का? तिचा एक फोटो पाठव.

तुझी
निवेस


११ जुलै १९५४

प्रिय निवेस,

तो माणूस सहा वर्षांचा आहे. त्याचं नाव दोरीना.

हे हॉटेल नाही. क्षयाचा दवाखाना आहे. ओलिन्दो गेल्यावर हिवाळ्यात मला खोकला लागला. वाटलं, पोलादाच्या भट्ट्यांच्या धुरानं असेल, तिकडे सगळेच खोकतात. मग एक दिवस रुमालावर रक्त आलं. दवाखान्यातून मला घरी जाऊ दिलं नाही. दोरीना शेजारणीकडे खेळत होती, तिचे कपडेसुद्धा मी भरून दिले नाहीत. सरकारी खात्याची एक बाई आली, मिस पेटिग्र्यू, आणि म्हणाली की मूल चांगल्या घरी ठेवू, तू बरी हो. मी मान हलवली. मला कळलेलं तेवढंच होतं.

ते घर गेरिंगाँगला आहे. हारवूड म्हणून नवराबायको. गाईंचा गोठा, हिरवी कुरणं, मूलबाळ नाही. वाईट माणसं असती तर बरं झालं असतं, त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. मिसेस हारवूड दर महिन्याला पत्र लिहिते. मोठ्या मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून. आता दोरीनाला सगळे डोरीन म्हणतात. ते सोपं पडतं म्हणे.

गेल्या महिन्यात ते तिला घेऊन आले. मुलांना आत येऊ देत नाहीत. मी व्हरांड्यात कठड्यापाशी उभी, आणि ती खाली हिरवळीवर. निळा कोट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, केस कापलेले. ओलिन्दोची हनुवटी. मी वरून ओरडले, "दोरीना! माझी चिमणी! केवढी उंच झालीस गं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग मिसेस हारवूडकडे. म्हणाली, "ती काय म्हणतेय? तिला काय हवंय?"

निवेस, मला इंग्रजी येत नाही, पण हे कळलं. तिला आपलं बोलणंच कळत नव्हतं. झोपताना आपल्या भाषेतली प्रार्थना म्हणणारी माझी पोरगी.

मिसेस हारवूडला शरमल्यासारखं झालं. ती म्हणाली, "डोरीन, आईला सांग, वासराचं नाव काय ठेवलं ते." दोरीनानं बुटाकडे बघत काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. मी हसले. तिलाही कळलं की मला कळलेलं नाही. मग तिनं विचारलं, "मी आता कुत्र्याकडे जाऊ?" कुत्रा मोटारीत होता. ती धावत गेली.

अजून मला घोड्यावरच्या ऑस्ट्रेलियनावरून चिडवायचं असेल तर चिडव. मला चालेल. पण शिकव. मी बरी होतेय, डॉक्टर म्हणतात वर्षाअखेर सोडतील. तिच्याशी तिच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. ती माझ्याकडे परत येईल तेव्हा घरात दोन मुक्या राहून कसं चालेल?

गावात कुणाला सांगू नकोस. सासूला तर मुळीच नको.

एर्सिलिया


त्रिएस्ते
७ नोव्हेंबर १९५४

माझ्या एर्सिलिया,

मागचं पत्र आठवलं की कानशिलं तापतात. काय काय लिहून बसले मी. तुझ्या पत्रानंतर तीनदा कागद घेतला आणि तीनदा फाडला. शेवटी ठरवलं की रडून तुझा उपयोग नाही, धडेच पाठवावेत.

इकडे युद्धापासून नऊ वर्षं ठाण मांडून बसलेले इंग्रज गेले. सव्वीस ऑक्टोबरला, धो धो पावसात. आपलं सैन्य आलं, सगळं शहर चौकात झेंडे घेऊन नाचत होतं आणि मी बंदरावर छत्री धरून उभी होते, उलट्या दिशेला बघत. लेनर्ड म्हणाला, पत्र पाठवतो. पाठवेल. टपालाला वेळ लागतोच.

आता नीट वाच. मुलांशी बोलताना लागतील अशीच वाक्यं देते. "कम टू मी", माझ्याकडे ये. "स्टे विथ मी", माझ्याकडे राहा. बघ, आपल्याकडे दोन्हीला 'दा मे', पण त्यांच्याकडे येण्याचा शब्द निराळा आणि राहण्याचा निराळा. हे घोटून पाठ कर. "फ्रॉम मी" म्हणालीस तर पोरगी पळून जाईल, कारण ते 'माझ्यापासून लांब' असं होतं.

राहिला 'बाय'. कुणी केलं ते सांगायला 'बाय' हे मागे लिहिलं होतं. दुसरा अर्थ, जवळ. लेनर्डचं घर समुद्राजवळ आहे, तो म्हणायचा, "अ हाउस बाय द सी". खिडकीजवळ बसलीस तर "बाय द विंडो". सोपं आहे. 'बाय' दिसला की जवळ समज.

रोज मोठ्यानं म्हण. आयरिश म्हातारीला हसू दे.

निवेस


वॉलाँगाँग
२८ फेब्रुवारी १९५५

निवेस, निवेस!

मला सोडलं! छातीचा फोटो स्वच्छ आला. वॉलाँगाँगला एका गल्लीत खोली घेतली आहे. चूल घरमालकिणीबरोबर वाटून घ्यायची, पण खोलीला दोन खाटा आहेत आणि खिडकीतून स्टेशन दिसतं. शर्टाच्या कारखान्यात कामाला लागले, बटणं लावते. तुझी इस्त्री आणि माझी बटणं.

आता खरी बातमी. मिस पेटिग्र्यू खोली बघायला आली होती. खाट दाबून पाहिली, चादर उचलून पाहिली. मी तिच्याशी इंग्रजीत बोलले. ती म्हणाली, "तुम्ही पुष्कळ शिकलात." मग तिनं समजावून सांगितलं, अगदी सावकाश. डॉक्टरचा दाखला आणि कारखान्याचं पत्र घेऊन ऑफिसात या, मूल हवं आहे असं सही करून सांगा, "बाय ईस्टर". मी तिला पुन्हा विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, "येस, बाय ईस्टर, आय अंडरस्टँड." बाय म्हणजे जवळ. ईस्टरच्या जवळपास. तुझ्यामुळे कळलं गं! नाहीतर सहा महिन्यांपूर्वी मी तिच्या तोंडाकडे बघत बसले असते.

दाखला आणि पत्र दोन्ही आजच हातात आहेत. उद्यासुद्धा जाता येईल. पण सांगितलं त्याच्या आधीच जाऊन उभं राहिलं तर म्हणतील, ही इटालियन बाई किती उतावीळ. इथे या गोष्टींना फार जपतात. ईस्टरची सुट्टी संपली की बुधवारी जाईन, केस धुऊन, ओलिन्दोनं घेतलेला तपकिरी कोट घालून.

विमानाचं टपाल परवडत नाही, दुसऱ्या खाटेच्या भाड्यात सगळं संपलं. हे जहाजानं येईल. तुला मिळेपर्यंत कदाचित दोरीना माझ्याकडे असेल. विथ मी! बरोबर?

तुझी
एर्सिलिया


त्रिएस्ते
१२ एप्रिल १९५५, मंगळवार

एर्सिलिया,

तुझं पत्र आज आलं. आत्ता, तासाभरापूर्वी. मी धावत जाऊन तार केली आहे, पण ईस्टर परवाच झाला.

दिवसाच्या आधी 'बाय' आला तर त्याचा अर्थ 'जवळ' नाही. त्याचा अर्थ 'आत'. ईस्टरच्या आत. मी ते लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं. कॅप्टन म्हणायचा, शर्ट "बाय फ्रायडे", आणि गुरुवारी झाले नाहीत तर आरडाओरडा करायचा. मला माहीत होतं आणि लिहायचं सुचलं नाही.

तार मिळताक्षणी जा. धावत जा. केस धुऊ नकोस.

निवेस


वॉलाँगाँग
१९ जून १९५५

प्रिय निवेस,

तार बुधवारी सकाळी मिळाली. मी तेव्हा कोटाला ब्रश करत होते.

ऑफिसात मिस पेटिग्र्यू होती. मी दाखला पुढे केला. तिनं तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाली, "मिसेस झान्केत्ता, तुम्ही आला नाहीत." मी म्हटलं, "आले की." ती म्हणाली, "आम्ही ईस्टरआधीच्या गुरुवारी ऑफिस बंद होईपर्यंत वाट पाहिली. तुम्हाला मूल नको आहे असं आम्ही धरलं. मूल कायम ठेवण्याचा हारवूडांचा अर्ज कोर्टात गेला. आता ते माझ्या हातात नाही." तिला वाईट वाटत होतं. टेबलावरची टाचणी उचलून ती पुन्हा पुन्हा खाली ठेवत होती.

कोर्ट मे महिन्यात झालं. माझ्या गल्लीत एक बेकरीवाला आहे, आपल्याकडचा, बेल्लुनोचा. तो म्हणाला, मी दुभाष्या म्हणून येतो, एका दिवसाची कमाई कशाला बुडवू म्हणणारा मी नव्हे. मी नको म्हटलं. निवेस, विचार कर ना. ते म्हणत होते की हिला पोरीशी बोलता येत नाही, पोर हिच्याकडे कशी राहील? आणि मी तिथे दुभाष्या घेऊन उभी राहू? मला दाखवायचं होतं की येतं.

न्यायाधीश म्हातारा होता, मऊ बोलणारा. त्यानं विचारलं, "दुभाष्या हवा का?"

"नो, सर. आय स्पीक."

"तुमची मुलगी आत्ता कुठे असते?"

मला म्हणायचं होतं, मिसेस हारवूडकडे. 'दाल्ला सिन्योरा'. माझ्या डोक्यात 'दा' आला, आणि तोंडातून बाहेर पडलं, "शी इज फ्रॉम मिसेस हारवूड."

त्याचं पेन थांबलं. "तिची आहे, म्हणता?"

मी घाबरले. म्हटलं, दुसऱ्या तऱ्हेनं सांगू. मी आजारी पडले, मी तिला त्यांच्याकडे ठेवलं. म्हणाले, "आय वॉज सिक. आय लेफ्ट हर टू मिसेस हारवूड."

विथ म्हणायला हवं होतं. तू लिहिलं होतंस, राहायला विथ. मी हजारदा घोटलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आपल्या भाषेतलं, कुणाला काही देताना लावतो ते छोटंसं 'आ' वर आलं. 'टू' झालं.

न्यायाधीशानं मला अगदी सावकाश विचारलं, चुकू नये म्हणून, "म्हणजे तुम्ही मुलगी मिसेस हारवूडला दिलीत?"

त्यात माझेच शब्द होते, 'हर टू मिसेस हारवूड'. ओळखीचे वाटले. मला वाटलं, याला समजलं. मी म्हटलं, "येस, सर." मोठ्यानं. मी हसलेसुद्धा.

तेव्हा मिसेस हारवूड रडायला लागली. मला कळेना, ही का रडते.

आगगाडीत बसल्यावर कळलं. वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. तिच्याकडे ठेवली असं सांगायला गेले होते, तिला देऊन टाकली असं सांगून आले.

निकालात ते एकटंच नव्हतं, हेही लिहिते, नाहीतर तू स्वतःला खात बसशील. खोली लहान, चूल वाटून घेतलेली, आजार उलटू शकतो, वेळेत आले नाही, आणि मूल तिकडे रमलं आहे. हे सगळं वाचून दाखवलं. कदाचित नुसतं गप्प उभी राहिले असते तरी हेच झालं असतं. कदाचित नसतं झालं. हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही.

दोरीना मोठी होईपर्यंत तिथेच राहील. मला महिन्यातून एक रविवार दिला आहे, त्यांच्या घरी, मिसेस हारवूड असताना.

दुसरी खाट घरमालकिणीनं परत नेली.

एर्सिलिया


त्रिएस्ते
१० ऑगस्ट १९५५

एर्सिलिया,

तू लिहितेस, स्वतःला खात बसू नकोस. मग काय करू? घर समुद्राजवळ आहे म्हणून मी तुला तो शब्द शिकवला. आता ऐक. समुद्राजवळ घरबिर काही नाही. लेनर्डची बायको आहे, दोन मुलं आहेत, घर कोळशाच्या खाणीपाशी आहे. कँटीनच्या स्वयंपाक्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असेल, सगळ्यांनाच माहीत होतं." वर्षभर मी त्याचं बोलणं ऐकत होते, शब्द न् शब्द कळत होता, आणि एक अक्षर समजलं नव्हतं. आणि असल्या बाईकडून तू शिकलीस.

परत ये. माझी खोली बंदराच्या वर आहे, एक माणूस सहज मावेल. इस्त्रीचं दुकान काढू दोघी. इथे तुला कुणी "काय म्हणालीस" म्हणून विचारणार नाही. माझ्याकडे ये, माझ्याकडे राहा. दोन्हीला एकच शब्द पुरेल.

तिथे आता काय राहिलंय तुझं? महिन्यातून एक रविवार? त्यातून काय मिळतं तुला?

उत्तर दे. शिव्या दे हवं तर, पण उत्तर दे.

निवेस


वॉलाँगाँग
१४ फेब्रुवारी १९५६

प्रिय निवेस,

तुझ्या चारही पत्रांची उत्तरं राहिली. तुला शिव्या द्यायला काही नाही. पण परत येत नाही मी. एका रविवारातून काय मिळतं, म्हणून तू विचारलं होतंस. ते सांगते.

पहिले रविवार फार वाईट गेले. गेरिंगाँग स्टेशनवर मिस्टर हारवूड घ्यायला यायचे, वाटेत हवेबद्दल बोलायचे. मग स्वयंपाकघरात आम्ही तिघी. चहा, गरम स्कोन, त्यावर त्यांच्याच गाईंची साय. मिसेस हारवूड बोलायची. दोरीना टेबलाच्या पलीकडे बसून घड्याळाकडे बघायची. मला ती एर्सी म्हणते. मिसेस हारवूडनं सांगून पाहिलं, "मम्मा म्हण." ती म्हणाली, "कशाला?" उद्धटपणे नाही गं. तिला खरंच कळलं नाही, कशाला ते.

ऑक्टोबरमध्ये मांजर खुर्चीवर झोपलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मांजर खुर्चीवर आहे. पण गडबडीत असं उलटसुलट झालं की वाक्य झालं, खुर्ची मांजरावर आहे. दोरीना दूध पीत होती. ते नाकातून बाहेर आलं. अशी हसली, अशी हसली, की टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी आली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही, एर्सी, नाही! परत म्हण."

तीन वर्षांनी तिनं मला हात लावला.

मी परत म्हटलं, पुन्हा चुकीचं. या वेळी मुद्दाम.

त्या दिवसापासून ती माझी बाई झाली आहे. मी पोचायच्या आधी पाटी-खडू काढून ठेवते. मला बसवते, फूटपट्टी घेऊन पुढे उभी राहते. "सफरचंद कुठे आहे?" मी म्हणते, "ॲट द बॉक्स." ती डोळे मोठे करते. "वासरू कुठून आलं?" मी म्हणते, "विथ द गेट." मग ती माझं बोट धरून अंगणात नेते आणि फाटकातून आतबाहेर करून दाखवते. नाताळात तर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "माझ्या तोंडाकडे बघ. फ्रॉम. नीट बघ." मी बघत होते. तिचा खालचा एक दात नवा येतोय.

निघताना मिसेस हारवूड हळूच म्हणते, "मन लावून शिकताय, पण येत नाही ना? हळूहळू येईल." मी मान खाली घालते.

निवेस, मला सगळं येतं. कारखान्यात मुकादम बाई मला नव्या मुलींना समजावून सांगायला बोलावते. मी वर्तमानपत्र वाचते. कोर्टात जे म्हणायला हवं होतं ते मी आता झोपेतून उठून म्हणेन, एकही शब्द न चुकता. कुणी विचारत नाही, एवढंच.

परवाच्या रविवारी माझं चुकलं. म्हणजे, बरोबर आलं. गाडीला उशीर झाला होता, पावसानं भिजले होते, लक्ष नव्हतं. दोरीनानं एकामागून एक विचारलं आणि मी एकामागून एक बरोबर उत्तरं दिली. तिचा चेहरा पडला. "ओ," म्हणाली, "तुला आता येतं." फूटपट्टी टेबलावर ठेवली आणि वासरांकडे निघून गेली. पाऊस होता तरी. गाडीची वेळ होईपर्यंत ती आली नाही. मी मिसेस हारवूडबरोबर बसून दोन कप चहा प्यायले.

म्हणून परत यायला सांगू नकोस. काही देणारच असलीस तर हे दे. रोज कारखान्यात मी बरोबर बोलते, आता मला चुका सुचत नाहीत. सुचल्या तर खोट्या वाटतात. पोरगी हुशार आहे, ओळखेल. तू इतके दिवस मला बरोबर काय ते लिहून पाठवलंस. आता चुकीचं पाठव. आपली माणसं खरंच करतात तशा चुका, तू पहिल्या पहिल्यांदा केल्या होत्यास तशा, शिपाई हसायचे तशा. जितक्या आठवतील तितक्या.

विमानाच्या टपालानं पाठव. पुढचा रविवार अकरा मार्चला आहे.

तुझी
एर्सिलिया